विश्वास बसू नये, पण खरे : अबू रैहान अल्बेरुनी यांची जीवनकथा



काही गोष्टी अशा असतात की त्या कानावर पडताच माणूस हसून म्हणतो, छे, असे कधी होणे शक्य नाही! आणि काही गोष्टी अशा असतात की त्या ऐकताच आपण मान डोलावतो व चौकशी न करता दुसऱ्याला सांगून मोकळे होतो. दोन्ही ठिकाणी आपण एकच काम टाळलेले असते, ते म्हणजे पारखून पाहण्याचे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी एका विद्वानाने हे काम जन्मभर केले. त्यांच्या आयुष्यातील पुष्कळशा घटना आज कोणी नव्याने सांगितल्या तर त्या बनावट वाटतील. परंतु त्या खऱ्या आहेत. या विद्वानाचे नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल्बेरुनी. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव आपण एका ओळीत वाचतो आणि पुढे जातो. प्रस्तुत लेखात त्या ओळीमागचा माणूस थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

सूर्य न मावळणारा देश

तेराव्या शतकातील चरित्रकार याकूत यांनी एक प्रसंग नोंदवला आहे. सुलतान महमूद गझनवी यांच्या दरबारी तुर्कांच्या अतिदूरच्या मुलखातून एक वकील आला होता. समुद्रापलीकडे ध्रुवाच्या बाजूला आपण असा प्रदेश पाहिला आहे की जेथे सूर्य मावळतच नाही, तो जमिनीच्या वर गोल फिरत राहतो आणि रात्र होतच नाही, असे त्याने सांगितले. सुलतान संतापले. रात्र नाही म्हणजे काय? हे तर धर्मबाह्य बोलणे झाले, असे त्यांना वाटले आणि त्या बिचाऱ्या प्रवाशावर पाखंडाचा आळ आला.

दरबारात अल्बेरुनी हजर होते. सुलतानांनी त्यांना विचारले. त्यांनी पृथ्वीचा गोल, सूर्याचा मार्ग आणि ध्रुवाजवळ दिवस कसा लांबत जातो हे थोडक्यात समजावून दिले. प्रवाशाने मत मांडले नव्हते, तर डोळ्यांनी पाहिलेले सांगितले होते आणि ते गणितातही बसत होते. महमूद यांनी ते मान्य केले. पुढे त्यांचे पुत्र मसऊद गादीवर आल्यावर त्यांनी हा विषय पुन्हा काढला आणि अल्बेरुनींनी दिवस व रात्र यांच्या लांबीवर एक स्वतंत्र ग्रंथच त्यांच्यासाठी लिहिला.

आज नॉर्वेच्या उत्तर टोकाला उन्हाळ्यात मध्यरात्रीचा सूर्य दिसतो हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु अकराव्या शतकात गझनीच्या तख्तासमोर उभे राहून, सुलतानाचा राग समोर दिसत असताना, अविश्वसनीय वाटणारी गोष्ट खरी असू शकते हे शांतपणे सांगणे सोपे नव्हते. तेवढे धैर्य या माणसाजवळ आले कोठून? त्यासाठी त्यांच्या बालपणाकडे गेले पाहिजे.

वंशावळ नसलेला मुलगा

अल्बेरुनी यांचा जन्म ४ सप्टेंबर ९७३ रोजी, म्हणजे हिजरी सन ३६२ च्या जिल्हज महिन्यात, ख्वारझम प्रांतातील काथ या शहरी झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात मोडतो आणि तेथील एका गावाला आज त्यांचेच नाव आहे. बेरून या फारसी शब्दाचा अर्थ बाहेर असा होतो; शहराच्या बाहेरच्या वस्तीतला म्हणून ते बेरुनी. वडील कोण, घराणे कोणते, याची माहिती इतिहासाला नाही. आपली वंशावळ आपल्याला सांगता येत नाही हे त्यांनी स्वतः एका कवितेत मोकळेपणाने नमूद केले आहे. ज्या काळी माणसाची ओळख त्याच्या खानदानावरून ठरत असे त्या काळातली ही गोष्ट आहे.

त्यांची मातृभाषा ख्वारझमी. या भाषेत शास्त्राची पुस्तके नव्हती, आणि आज तर ती बोलणारेही कोणी उरलेले नाही. शास्त्रासाठी अरबी व फारसी या दोन्ही भाषा त्यांना परक्यासारख्या शिकाव्या लागल्या. घरची भाषा वेगळी आणि शिक्षणाची वेगळी, ही अडचण आपल्या घराघरांतून आजही आहे. ती अल्बेरुनींनाही होती.

नशीब एवढेच की अबू नस्र मन्सूर यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. हे अबू नस्र ख्वारझमच्या राजघराण्यातील होते व स्वतः मोठे गणिती होते. राजपुत्राने एका अनाम कुळातील मुलाला हाताशी धरून गणित शिकवले, आणि पुढे तर आपले काही ग्रंथ त्या शिष्याच्या नावे लिहिले. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास या मुलाने दुपारच्या सूर्याची उंची मोजून आपल्या काथ शहराचा अक्षांश काढला होता.

दोन शहरे आणि एक ग्रहण

इ. स. ९९५ मध्ये ख्वारझममध्ये यादवी झाली. जुने राजघराणे गेले, आणि बावीस वर्षांच्या अल्बेरुनींना सर्व वेधकार्य टाकून पळ काढावा लागला. काही काळ त्यांनी रय येथे, म्हणजे आजच्या तेहरानजवळ, हलाखीत काढला. तेथील एका ज्योतिर्विदाने त्यांचे म्हणणे केवळ त्यांच्या फाटक्या स्थितीमुळे हसण्यावारी नेले. पुढे अल्बेरुनींचे दिवस पालटले तेव्हा तोच गृहस्थ स्नेहाने वागू लागला. गणित तेच होते, फक्त अंगावरचे कपडे बदलले होते!

पुढे ते काही काळ काथला परतले आणि तेथून त्यांनी एक अशी गोष्ट केली की तिची कल्पनाच थक्क करणारी आहे. दोन शहरांतील पूर्व-पश्चिम अंतर, म्हणजे रेखांशातील फरक, कसा मोजावा हा त्या काळचा अवघड प्रश्न होता. घड्याळे नव्हती, तारायंत्र नव्हते. अल्बेरुनींनी बगदादचे थोर गणिती अबुल वफा यांच्याशी अगोदर ठरवून घेतले की २४ मे ९९७ चे चंद्रग्रहण एकाने काथहून आणि दुसऱ्याने बगदादहून पाहायचे आणि आपापल्या गावची वेळ टिपून ठेवायची. चंद्राला ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागते. तेव्हा दोन्ही गावच्या स्थानिक वेळांत जो फरक येईल तोच त्या दोन गावांतील अंतराचा हिशेब. हा फरक सुमारे एक तासाचा निघाला. पृथ्वीचा गोल चोवीस तासांत ३६० अंशांचा फेरा पुरा करतो, म्हणून एक तास म्हणजे १५ अंश. शेकडो कोसांवरच्या दोन माणसांनी आकाशातील चंद्राचाच घड्याळासारखा उपयोग करून घेतला. त्या वेळी अल्बेरुनींचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

याच सुमारास त्यांची तरुण इब्न सीना यांच्याशी पत्रापत्री झाली. ॲरिस्टॉटलच्या मतांवर आणि निसर्गाच्या व्यवहारावर त्यांनी इब्न सीनांना अठरा प्रश्न पाठवले. थंडीने वस्तू आकसते असे म्हणतात, तर मग पाणी गोठल्यावर बाटली का फुटते? बर्फ पाण्यावर का तरंगतो? थोर ग्रंथात लिहिले आहे म्हणून गप्प बसणारा हा विद्यार्थी नव्हता. हे प्रश्न आजही आठवी-नववीच्या वर्गात विचारण्यासारखे आहेत.

वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या सुमारास गुरगानचा राजा काबूस याच्या आश्रयाला असताना त्यांनी निरनिराळ्या लोकांच्या कालगणना, सण आणि वर्षारंभ यांवर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे ते ख्वारझमच्या नव्या राज्यकर्त्यांच्या दरबारी आले व सात वर्षे राजाचे सल्लागार राहिले.

पाटीच्या पाठीवर आखलेले यंत्र

इ. स. १०१७ मध्ये महमूद गझनवींनी ख्वारझम जिंकले. इतर विद्वानांबरोबर अल्बेरुनींनाही गझनीला नेण्यात आले. ते कैदी होते की आश्रित, हे सांगणे कठीण आहे. पण मनाप्रमाणे जाण्या-येण्याची मोकळीक त्यांना नव्हती एवढे दिसते. वय चव्वेचाळीस. मुलूख गेला, आश्रयदाता गेला, वेधयंत्रे गेली.

१४ ऑक्टोबर १०१८ रोजी ते काबूलजवळच्या एका खेड्यात होते. त्या दिवसांतील आपले हाल त्यांनी नूह आणि लूत या पैगंबरांवर आलेल्या संकटांच्या तोडीचे म्हणून वर्णिले आहेत. सूर्याचा वेध घ्यावयाचा होता आणि जवळ एकही यंत्र नव्हते. तेव्हा त्यांनी हिशेब करण्याची पाटी उलटी केली, तिच्या पाठीवर वर्तुळाची कमान आखून अंश पाडले, वर ओळंबा टांगला, आणि त्या कामचलाऊ यंत्राने सूर्याची उंची मोजून त्या जागेचा अक्षांश काढला.

मित्रांनो, साधने नाहीत म्हणून अभ्यास झाला नाही, ही तक्रार आपण वारंवार ऐकतो, आणि पुष्कळदा ती खरीही असते. साधने पुरवणे हे समाजाचे काम आहे आणि ते समाजाने केलेच पाहिजे. परंतु साधने येईपर्यंत पाटीची दुसरी बाजू मोकळी असते, हेही विसरून चालणार नाही.

डोंगरावरून मोजलेली पृथ्वी

अल्बेरुनींची सर्वांत प्रसिद्ध कामगिरी म्हणजे पृथ्वीचे मोजमाप. त्यांच्या आधी दोनशे वर्षे खलिफा मामून यांच्या ज्योतिर्विदांनी सपाट वाळवंटात दोऱ्या टाकून एका अंशाचे अंतर मोजले होते. तसाच प्रयत्न अल्बेरुनींनी गुरगानच्या उत्तरेकडील मैदानात करून पाहिला होता. पण मदतीला माणसे मिळाली नाहीत आणि बेत सोडून द्यावा लागला. पुढे पंजाबात, आज पाकिस्तानात असलेल्या मिठाच्या डोंगररांगेत, नंदना नावाच्या किल्ल्यावर असताना त्यांना दक्षिणेला पसरलेले सपाट मैदान दिसले. एकट्या माणसाला पुरेल अशी युक्ती त्यांनी येथे वापरली.

प्रथम त्यांनी खालून दोन ठिकाणांहून डोंगराच्या माथ्याचे कोन मोजले व त्यावरून डोंगराची उंची काढली. ती सुमारे ६५२ हात भरली. नंतर माथ्यावर चढून क्षितिजाकडे पाहिले. पृथ्वी सपाट असती तर क्षितिज नजरेच्या सरळ रेषेत दिसले असते. ती गोल असल्याने ते किंचित खाली दिसते. हा खाली झुकलेला कोन त्यांनी मोजला. तो अवघा ३४ कला, म्हणजे एका अंशाच्या निम्म्याहून थोडासा जास्त, भरला. डोंगराची उंची आणि हा कोन, एवढ्या दोन आकड्यांवरून त्रिकोणमितीने त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. ती सुमारे १ कोटी २८ लाख हात आली.

या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. त्यांचे उत्तर आजच्या मापाशी अगदी काही किलोमीटरच्या फरकाने जुळते असे अनेक ठिकाणी अभिमानाने लिहिलेले आढळते. पण त्या काळचा हात नेमका किती सेंटिमीटरचा होता हे ठरलेले नाही, आणि हवेतून येताना प्रकाश वाकत असल्याने असा बारीक कोन इतका अचूक मोजणे शक्य नसते. तेव्हा किलोमीटरच्या त्या दाव्यावर विसंबू नये. आश्चर्य आकड्याचे नाही, रीतीचे आहे. एक माणूस, एक टेकडी आणि एक वेधयंत्र यांवरून साऱ्या पृथ्वीचा आकार काढता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आणि त्यापुढची गोष्ट तर अधिक मोलाची आहे. आपले उत्तर मामून यांच्या ज्योतिर्विदांच्या उत्तराजवळ येते हे पाहून त्यांना समाधान वाटले. पण त्या लोकांची साधने अधिक नाजूक होती आणि त्यांनी मेहनतही अधिक घेतली होती, म्हणून त्यांनी भरवसा त्यांच्याच मापावर ठेवला. स्वतःच्या शोधापेक्षा दुसऱ्याचे काम अधिक काटेकोर असल्याचे मान्य करणारे विद्वान कोणत्याही शतकात थोडेच.

पाचू आणि साप

पाचू पाहताच सापाचे डोळे फुटतात, अशी समजूत त्या काळी सर्वत्र होती. मोठमोठ्या ग्रंथांतून ती लिहिलेली होती आणि कवींनी तिचा मनमुराद उपयोग केला होता. रत्नांवरील आपल्या ग्रंथात अल्बेरुनी सांगतात की त्यांनी ही गोष्ट करून पाहिली. सापाच्या गळ्यात पाचूंची माळ घातली, त्याच्या टोपलीत पाचू अंथरले, त्याच्या डोळ्यांसमोर पाचूंची सर हलवली. उन्हाळ्यात पाहिले, हिवाळ्यात पाहिले. असा प्रयोग नऊ महिने चालला. सापाला काही झाले नाही.

वाचून हसू येते. पण शेकडो वर्षे हजारो लोकांनी जे खरे मानले ते पाहण्याची तसदी कोणीच घेतली नव्हती. त्यांनी पाण्याने भरलेले एक खास भांडे वापरून सोने, पारा, शिसे आणि निरनिराळी रत्ने यांची सापेक्ष वजने काढली. हे आकडे आजच्या आकड्यांच्या पुष्कळच जवळ आहेत.

पंडितांचे शिष्य

गझनीला आल्यानंतर, वयाची चव्वेचाळीस वर्षे उलटल्यावर, अल्बेरुनी संस्कृत शिकू लागले. लाहोर, मुलतान, पेशावर, सियालकोट, झेलम या भागांत त्यांचे जाणे झाले व तेथील अक्षांश त्यांनी मोजले. संस्कृत शिकताना आलेल्या अडचणी त्यांनी तपशिलाने लिहिल्या आहेत. एका वस्तूला अनेक शब्द आणि एका शब्दाला अनेक अर्थ. नकलून घेणारे निष्काळजी. स्वतः कानाने ऐकून काळजीपूर्वक लिहून घेतलेला शब्द पुन्हा उच्चारला तर पंडितांना तो ओळखू येत नसे. ग्रंथ जमवण्यासाठी त्यांनी पैसा खर्च केला आणि प्रारंभी पंडितांपुढे ते शिष्य म्हणून बसले. पुढे गणितात त्यांनी काही गोष्टी समजावून दिल्या तेव्हा पंडितच चकित झाले आणि हे कोणत्या हिंदू गुरूपाशी शिकलात, असे विचारू लागले.

त्यांनी योगशास्त्राचा पतंजलींचा ग्रंथ अरबीत आणला. त्या भाषांतराची प्रत विसाव्या शतकात इस्तंबूलला सापडली. उलट बाजूने युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचे ज्योतिष पंडितांसाठी संस्कृत श्लोकांत उतरवण्याचे कामही त्यांनी हाती घेतले होते. ख्वारझममध्ये जन्मलेला मुसलमान विद्वान ग्रीक भूमिती संस्कृत श्लोकांत बांधत बसला आहे, हे चित्र कोणाला खरे वाटेल? पण ते खरे आहे. त्यांनी स्वतःच तसे लिहून ठेवले आहे.

इ. स. १०३० मध्ये त्यांचा हिंदुस्थानवरील ग्रंथ पुरा झाला. ऐंशी प्रकरणांच्या या ग्रंथाच्या आरंभीच ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट यांतील अंतराचा विचार आहे, आणि लोक खोटे का बोलतात याची कारणे त्यांनी एकेक करून मांडली आहेत. हिंदूंची मते हिंदूंच्याच ग्रंथांच्या आधारे मांडावयाची, खंडनमंडनाच्या भानगडीत पडावयाचे नाही, हे त्यांचे धोरण होते. गीता, ब्रह्मगुप्त, वराहमिहिर यांचे आधार जागोजाग येतात. जे पटले नाही ते पटले नाही असेही ते स्पष्ट लिहितात. महमूद यांच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीस मिळवली, विद्या दूरच्या प्रांतांत निघून गेल्या आणि लोकांच्या मनांत मुसलमानांविषयी तेढ बसली, हेही त्यांनी लिहून ठेवले. गझनीत राहून, गझनीच्या राजघराण्याच्या आश्रयाखाली असताना त्यांनी हे लिहिले, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या वाचकांना या ग्रंथातील एक नोंद विशेष वाटेल. देशातील मार्गांचे वर्णन करताना अल्बेरुनी महाराष्ट्र देशाचा, कोकण प्रांताचा आणि समुद्रकाठी असलेल्या त्याच्या राजधानीचा, ठाण्याचा, उल्लेख करतात. ते स्वतः इकडे कधी आले नाहीत. प्रवाशांकडून जमवलेल्या माहितीवरून त्यांनी कोसांचा हिशेब मांडला. आज लोकलगाड्यांच्या गर्दीत ज्या ठाण्याचे नाव आपण रोज ऐकतो, ते सुमारे एक हजार वर्षांपूर्वी गझनीत अरबी लिपीत लिहिले गेले होते!

गंगेच्या मैदानाविषयीचे त्यांचे निरीक्षणही असेच आहे. डोंगराजवळ नदीतले गोटे मोठे, पुढे लहान, आणि समुद्राजवळ नुसती वाळू. यावरून हे मैदान एके काळी समुद्र असावे आणि नद्यांच्या गाळाने ते भरत आले असावे, असा तर्क त्यांनी केला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे मानले तरी ज्योतिषाचे गणित बिघडत नाही, हेही त्यांनी नोंदवले आहे.

एका विद्यार्थिनीसाठी ग्रंथ

इ. स. १०२९ मध्ये अल्बेरुनींनी भूमिती, अंकगणित, खगोल आणि फलज्योतिष यांची मूलतत्त्वे प्रश्नोत्तरांच्या रूपात सांगणारे एक पुस्तक लिहिले. एका शिकू पाहणाऱ्या व्यक्तीच्या विनंतीवरून ते लिहिले गेले, आणि ती व्यक्ती म्हणजे ख्वारझमची एक महिला, हसन यांची कन्या रैहाना. बिंदू म्हणजे काय, रेषा म्हणजे काय, येथपासून आरंभ करून हा जगप्रसिद्ध विद्वान तिला आकाशाच्या गणितापर्यंत घेऊन जातो. मुलींना गणित आणि शास्त्र कशाला, असा प्रश्न आजही कोणी विचारतो तेव्हा हे पुस्तक आठवावे.

दंतकथा कोणत्या, सत्य कोणते

अल्बेरुनींविषयी एक रंगतदार गोष्ट सांगितली जाते. चार दरवाजांच्या महालात बसलेल्या महमूद यांनी त्यांना विचारले की मी कोणत्या दरवाजाने बाहेर जाईन ते भाकीत करा. अल्बेरुनींनी उत्तर कागदावर लिहून ठेवले. सुलतानांनी भिंत फोडून पाचवा दरवाजा केला आणि कागदावरही तेच लिहिलेले निघाले! ही कथा त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी निजामी अरूजी यांनी लिहिली. इतिहासकार तिला दंतकथा मानतात. फलज्योतिषावर ग्रंथ लिहूनही अल्बेरुनींचा भाकितांवर फारसा भरवसा नव्हता, हे त्यांच्या लिखाणावरून दिसते.

गंमत अशी की आपल्या लोकांत ही पाचव्या दरवाजाची गोष्टच अधिक ऐकावयास मिळते. चंद्रग्रहणाची, उलट्या पाटीची आणि पाचूंच्या माळेची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. चमत्कार ऐकण्यास आपण तत्पर असतो आणि मेहनत ऐकण्यास नाखूश. पूर्वजांच्या नावावर न घडलेले पराक्रम चढवल्याने पूर्वज मोठे होत नाहीत. उलट एक दावा खोटा ठरला की शंभर खऱ्या गोष्टींवरचा लोकांचा विश्वास उडतो. अल्बेरुनींसारख्या माणसाला तर अशा उसन्या दागिन्यांची मुळीच गरज नाही.

सुलतान मसऊद यांना अर्पण केलेल्या खगोलशास्त्राच्या थोर ग्रंथाबद्दल त्यांना हत्तीच्या वजनाइतकी, कोणी म्हणतात हत्तीवर लादता येईल इतकी, चांदी इनाम मिळाली आणि त्यांनी ती गरज नाही म्हणून परत केली, असे याकूत सांगतात. चांदी किती होती ते राहू द्या. पण वर्षातून नौरोज आणि मेहरगान हे दोन दिवस चरितार्थाच्या सोयीसाठी सोडले, तर त्यांच्या हातून लेखणी, डोळ्यांसमोरून पुस्तक आणि मनातून विचार कधी सुटला नाही, असे चरित्रकार शहरजूरी यांनी लिहिले आहे. वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांनी स्वतः आपल्या ग्रंथांची यादी केली. तीत शंभराहून अधिक नावे आहेत. पुढे मर्व येथील जामा मशिदीच्या ग्रंथसंग्रहात याकूत यांनी त्यांच्या ग्रंथांची यादी पाहिली, तर तीच दाट अक्षरांत सुमारे साठ पाने भरली होती. यांतील फार थोडे ग्रंथ आज उरले आहेत. मध्ययुगीन युरोपात इब्न सीना घरोघर पोचले, पण अल्बेरुनी जवळजवळ अपरिचित राहिले. एकोणिसाव्या शतकात जर्मन पंडित एडुआर्ड साखाऊ यांनी त्यांचे दोन मोठे ग्रंथ छापून प्रसिद्ध केले तेव्हा जगाला त्यांची नव्याने ओळख झाली. आज चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव आहे. ज्या चंद्राचे ग्रहण पाहून त्यांनी दोन शहरांतील अंतर मोजले, त्याच चंद्रावर!

शेवटचा धडा

ऐंशीच्या घरात पोचल्यावर दृष्टी आणि श्रवण दोन्ही क्षीण झाली होती. तशाही स्थितीत त्यांनी औषधी वनस्पती व द्रव्ये यांच्यावर ग्रंथ लिहावयास घेतला आणि एकेका औषधाची अनेक भाषांतील नावे गोळा केली. इ. स. १०४८ च्या सुमारास, किंवा त्यानंतर एक-दोन वर्षांनी, गझनी येथे त्यांचे निधन झाले.

त्या शेवटच्या घटकेचा वृत्तांत त्यांच्या ओळखीच्या एका फकीहांनी सांगितला व याकूत यांनी तो नोंदवला. फकीह भेटीस आले तेव्हा अल्बेरुनींचा श्वास घुसमटत होता. तशा अवस्थेत त्यांनी विचारले की वारसाहक्काच्या हिशेबात आईच्या बाजूने नाते लागणाऱ्या काही आज्यांचा जो प्रश्न आपण मागे मला सांगितला होता, तो कसा? फकीहांना दया आली. अशा वेळी हे कशाला, असे त्यांनी म्हटले. अल्बेरुनींचे म्हणणे पडले की हे न जाणता दुनिया सोडण्यापेक्षा जाणून सोडणे बरे नव्हे काय? फकीहांनी तो प्रश्न पुन्हा समजावला, अल्बेरुनींनी तो ध्यानात घेतला आणि मागे कबूल केल्याप्रमाणे एक गोष्ट त्यांनाही शिकवली. फकीह निरोप घेऊन रस्त्यावर आले, तोच घरातून रडण्याचा आवाज त्यांच्या कानी पडला.

विद्यार्थी मित्रांनो, पृथ्वी मोजणाऱ्या माणसाने शेवटी विचारलेला प्रश्न एका म्हाताऱ्या आजीच्या हक्काच्या हिशेबाचा होता. त्यांच्या लेखी कोणतेही ज्ञान लहान नव्हते आणि कोणतीही वेळ शिकण्यास गैर नव्हती.

आणि पालकांना एवढेच सांगणे आहे. आपल्या घरी मूल जेव्हा विचारते की हे खरे कशावरून, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. फोनवर आलेला निरोप असो, शेजाऱ्याने सांगितलेली नवलकथा असो, की आपल्याच थोर पुरुषांविषयीचा अभिमानाचा दावा असो, हा प्रश्न त्याला विचारू द्या आणि उत्तर शोधताना त्याच्या शेजारी बसा. उत्तर आपल्याला येत नसेल तर शिक्षकांकडे जा, ग्रंथालयात जा. संस्थेच्या प्रयोगशाळेत आणि वाचनालयात जी काही साधने आहेत ती कपाटात कुलूपबंद न राहता मुलांच्या हातांत पडोत. सूर्य मावळत नाही असा देश असू शकतो, आणि पाचूने सापाचे डोळे फुटत नाहीत, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने आपल्याला सांगितल्या. पहिली अशक्य वाटत होती, पण ती खरी होती; दुसरी सर्वमान्य होती, पण ती खोटी होती. या दोहोंतील फरक ओळखण्याची तालीम म्हणजेच शिक्षण. ती आपल्या मुलामुलींना लाभो, हीच अल्लाहच्या दरबारी दुआ. आमीन.